कौतिकाबाईच्या शिव्यांचा हंगाम

दिवाळी सरते, शेतात दहीभात शिंपडून सीतादही होतं, पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडतो आणि माझ्या मोबाईलवर पुण्याची पत्रकं यायला लागतात. अमुक महोत्सव, तमुक संध्या, नाटक-सिनेमा-संगीताचा त्रिवेणी का कायसासा सोहळा. जांभळ्यावर सोनेरी अक्षरं, खाली तंबोरा, तोही अर्धा कापलेला. सहा वर्षांपूर्वी मी माझा नंबर तिकडे देऊन बसलो. तेव्हापासून हे शहर दर हंगामाला माझ्या खिशात थरथरतं. मी पत्रक उघडतो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मग रागाने पुसून टाकतो. न वाचता पुसलं तरी चालेल, पण मग राग कशाचा येणार?

मी नेरच्या एका शाळेत कारकून आहे. माणूस निरुपद्रवी. बायको म्हणते, "तुमाले राग येते तो फकत मोबाईलवर." खरं आहे. समोर उभ्या माणसावर रागवायचं माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी एका अख्ख्या शहरावर रागावलो. शहर काही उलटून बोलत नाही.

मला तिकडची ती सभागृहं आवडत नाहीत. बाहेर कोणता महिना चालला आहे ते आत कळू द्यायचं नाही, असाच त्या इमारतींचा पण असावा. आत शिरलं की एकच थंडी, उन्हाळ्याचीही नाही आणि हिवाळ्याचीही नाही. खुर्च्या एकाच बाजूला तोंड करून. अंधार इतका की शेजारचा माणूस हसतो आहे की जांभई देतो आहे, पत्ता लागत नाही. निवेदिका सांगेल तेव्हा टाळ्या वाजवायच्या, "एकदा जोरदार" म्हणाली तर जोरदार. मध्यंतरात कागदी पेल्यात कॉफी, आणि ती पिताना "काय सूक्ष्म होतं ना!" म्हणायचं. मीही म्हणालो होतो. कशाबद्दल ते आता आठवत नाही, पण समोरचा म्हणाला म्हणून म्हणालो होतो. मला हे सगळं जमतं, हीच माझी तक्रार आहे.

आमच्या गावात दंडार होते. नेरपासून सात किलोमीटरवर आमचं गाव. दंडार म्हणजे मोकळ्या मैदानातलं नाटक: ढोलकी, टाळ, चार-पाच सोंगं आणि चहूबाजूंनी बसलेलं गाव. पडदा नाही, कुणाकडे पाठ नाही. नट फिरतो आणि प्रत्येक बाजूला तिचा वाटा देतो. त्या दिवसांत सगळ्या गावाला कापसाचा वास येतो. बायांच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात. ओसरीतल्या ढिगाऱ्यावर पोट्टे उड्या मारतात आणि मार खातात. तुरी फुलोऱ्यात आलेल्या असतात. त्या वासात, त्या थंडीत, माझा मोठा भाऊ लुगडं नेसून मैदानात उतरतो.

दादाचं सोंग म्हणजे कौतिकाबाई. वय साठीला टेकलेलं, मिशी त्या दिवसापुरती काढलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला खोचलेला पदर. कौतिकाबाईचं काम एकच, गावाला शिव्या देणं. आईबहिणीवरच्या नाहीत हं. वर्षभरात ज्याने जे केलं, ते नाव घेऊन त्याच्या तोंडावर मारायचं. सरपंचाकडे वळून ती म्हणणार, "नळाले हार घातला, फोटो काढला, अन् पाणी काय तुह्या मामाच्या घरून येईन?" गुरुजींना म्हणणार, "पोट्ट्यायले पाढे लावून देता अन् सोता मोबाईलवर पत्ते!" गाव हसून लोळतं. ज्याला शिवी बसली तो सगळ्यात मोठ्याने हसतो, कारण हसला नाही तर पुढच्या वर्षी दुप्पट मिळते. दिवाळीनंतर महिनाभर दादा त्यासाठी माल गोळा करत हिंडतो. पानठेल्यावर उभा राहील, चक्कीवर दळण घेऊन बसेल, बोलणार काही नाही, फक्त ऐकेल.

आणि गंमत अशी की ज्याचं नाव निघत नाही तो घरी तोंड पाडून जातो. म्हणजे वर्षभर आपण काहीच केलं नाही? गावानं आपल्याला मोजलंच नाही? आमच्या गावात शिवी न मिळणं ही हद्दपारी आहे.

माझी शिवी दरवर्षी ठरलेली असे. दादा माझ्या बाजूला यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, "हे पाहा आमचं धाकटं! कारकून काय झालं, चालणंच बदललं बापा! साहेब दिसला का याची मान नंदीबैलावानी हालते. इचारल्याच्या आधीच हो!" पोट्टे माझ्याकडे बघून माना हलवायचे. मी खूप हसायचो. घरी गेल्यावर बायको म्हणायची, "हसाले काय झालं? खरंच तर सांगून राह्यले."

सहा वर्षांपूर्वीच्या हंगामात मला सुबुद्धी सुचली. पुण्यातल्या एका मोठ्या महोत्सवात लोककलांचा एक दिवस होता. मी अर्ज भरला, फोटो आणि मीच लिहून काढलेली संहिता पाठवली, तिथल्या समन्वयक तनुजा मॅडमशी फोनवर शुद्ध मराठीत बोललो. "अस्सल ठेवा हं," मॅडम म्हणाल्या, "फक्त बारा मिनिटांत." मी म्हणालो, हो मॅडम. "थोडं सभ्य ठेवा." हो मॅडम. "प्रत्येक प्रवेशाआधी तुम्ही माईकवर दोन ओळी समजावून सांगाल का?" हो मॅडम. फोन ठेवला तेव्हा माझी मान दुखत होती.

आम्ही सात जण ट्रॅव्हल्सने गेलो. दंडारीची वेळ दुपारची होती. सकाळपासून दादा गायब. मला वाटलं, शहर बघायला गेला असेल. तो गेला होता माल गोळा करायला. सभागृहाबाहेरच्या चहावाल्याकडे दोन तास बसला, पाहुण्यांच्या ड्रायव्हरांशी बोलला, झाडूवाल्या बाईंशी बोलला. त्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. ज्यांच्यापुढे खेळायचं त्यांना ओळखायला नको? कौतिकाबाई परक्या गावाला गेली म्हणून काय तोंड घरी ठेवून जाईल?

मी बाजूच्या पडद्याआड माईक धरून उभा होतो. "आता येते आहे ग्रामीण स्त्रीजीवनाचं प्रतीक असलेली कौतिका," असं काहीसं वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. ते म्हटलं. दादा आला. पहिलाच घोटाळा असा की तो चारी बाजूंना फिरून बोलायला लागला. तीन बाजूंना भिंती. भिंतींनाही त्याने त्यांचा वाटा दिला. मग समोर वळला, पदर खोचला आणि पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांकडे बोट केलं. पाहुणे ज्येष्ठ, मोठे, आणि डोळे मिटलेले.

"अन् हे कोण गा? याले पह्यल्या रांगेत झोपाले कोणं आणलं? घरी खाट नाही काय?" दादाचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेत जातो. "डायवर सांगत होता, साहेब कोठीबी जाते अन् घोरते, टाया वाजल्या का जागं होते, अन् मंग भाषण देते का काय सुंदर झालं म्हून!"

मागच्या रांगांतून हसू फुटलं. खरं हसू, आमच्या मैदानातलं. मला ते अजून ऐकू येतं. पहिल्या तीन रांगा मात्र दगड झाल्या. पाहुणे जागे झाले आणि इकडेतिकडे बघू लागले. दादा खूश. तो प्रायोजकांकडे वळला.

तनुजा मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "हे काय चाललंय? हे तुम्ही पाठवलेल्या संहितेत नाहीये. प्यायलेत का ते?"

आता इथे मला चार शब्द बोलायचे होते. मॅडम, हीच आमची रीत. बस. चार शब्द. पण मॅडमचा चेहरा लाल झाला होता, त्यांच्या मागे कुणी कोटवाले उभे होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही मॅडम, पीत नाही तो. त्याचं जरा डोक्याचं आहे. लहानपणापासून. आम्ही सांभाळून घेतो. तुम्हीही समजून घ्या."

माझ्या हातातला माईक चालू होता.

ते वाक्य सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतून बाहेर पडलं, माझ्या शुद्ध मराठीत. मग कुणीतरी हळहळलं. आणि मग त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हळुवार, समजूतदार, कौतुकाच्या टाळ्या. बिचाऱ्याला किती जमतंय, अशा. आजारी मुलाने जेवण संपवलं की वाजवतात तशा. पहिल्या रांगेतले पाहुणेही वाजवत होते. मला माझ्या गावातल्या सगळ्या शिव्या चालतील, पण तशा टाळ्या वैऱ्याच्याही वाट्याला नकोत.

दादा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर टाकला आणि चालत आत गेला. बारा मिनिटांपैकी पाच झाली होती.

परत येताना तो ढोलकीवाल्याशेजारी बसला. यवतमाळ येईपर्यंत कपाळावरचं कुंकू पुसलं नव्हतं. घरी सुमनवहिनीने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "तुम्ही घरी जा, भाऊजी." त्यानंतर दादा माझ्याशी बोललेला नाही.

दंडार बंद झाली नाही. ती दरवर्षी होते. कौतिकाबाई येते, सरपंच बदलले तसे नवे सरपंच खातात, गुरुजी खातात, माझ्या उजवीकडचा खातो, डावीकडचा खातो. माझ्यावरून तिची नजर खांबावरून सरकावी तशी सरकून जाते. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं विसरला. दुसऱ्या वर्षी मी जागा बदलून बसलो, अगदी समोर. तरी तिने मला सोडलं. तिसऱ्या वर्षी पोट्टेच ओरडले, "कौतिकामाय, हे राह्यलं!" ती म्हणाली, "कोन? मले तं कोनी दिसून नाही राह्यलं." सगळे हसले. मीही हसलो. मान हलली असावी.

म्हणून मी पुण्यावर राग धरला. तो धरायला सोपा होता. शहराला आमची रीत कळली नाही, शहराने बारा मिनिटं दिली, शहराने माईक चालू ठेवला. शाळेत फायली लावता लावता मी मनात तनुजा मॅडमना पत्रं लिहायचो. त्यातली एकदोन फार चांगली झाली होती. एकही पाठवलं नाही.

या वर्षी पत्रकाऐवजी त्यांचा फोनच आला.

"ओळखलंत का? अहो, तुमच्या भावाची फार आठवण काढतो आम्ही. तेव्हा आम्हाला कळलं नाही बघा. आता इथे हेच चालतं. लोक तिकीट काढून येतात आणि स्वतःची टर उडवून घेतात! त्यांना घेऊन या ना." मग आवाज एकदम मऊ झाला. "त्यांची तब्येत कशी आहे आता? आमचं यंदाचं सत्रच आहे, मनाचे आजार आणि लोककला. त्यांच्यासारखा माणूस व्यासपीठावर आला तर लोकांना केवढी प्रेरणा मिळेल."

सहा वर्षं ज्या शहराला मी पाण्यात पाहत होतो, ते मला भावाची तब्येत विचारत होतं. खोटं माझं होतं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, वाढवलं होतं, त्याचं सत्र केलं होतं. आणि मी, हा कारकून, म्हणालो, "बरी आहे आता."

फोन ठेवून मी शाळेच्या व्हरांड्यात आलो. शिपायाने विचारलं, "काय झालं साहेब, कोनी गेलं काय?"

रविवारी शेतावर गेलो. दुसरा वेचा चालू होता. बाया मिळत नाहीत म्हणून दादा आणि वहिनी दोघंच पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात होते, कमरेला जुन्या लुगड्यांच्या ओट्या बांधून, पोटं पुढे काढून. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. महोत्सव, आमंत्रण, सत्र. तब्येतीचंही सांगितलं. दादाचे हात थांबले नाहीत. बोंडातून पाचही पाकळ्या एका झटक्यात काढायच्या आणि ओटीत टाकायच्या, पानाचा चुरा येऊ द्यायचा नाही, हे तो न बघता करतो.

मग तो वहिनीशी बोलला. मी चार हातांवर होतो.

"इचार त्याले, त्या बाईले खरं काय ते सांगतलं काय?"

वहिनी माझ्याकडे वळली. "सांगतलं काय भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हनते," वहिनी त्याला म्हणाली.

"मंग आता सांग म्हना. आमच्यासमोर. मोठ्यानं."

मी फोन लावला. स्पीकर चालू केला. तनुजा मॅडमचा आवाज पऱ्हाटीत खणखणला, "बोला, बोला! येताय ना?"

"मॅडम," मी म्हणालो, "माझ्या भावाला कोणताही आजार नाही. कधीच नव्हता. तो जे करत होता ती आमची रीत आहे. तेव्हा मला त्याची लाज वाटली म्हणून मी खोटं बोललो. माईकवर."

मग त्या म्हणाल्या, "अच्छा. मग आम्हाला सत्राचा विषय बदलावा लागेल. पत्रकं छापून झालीत हो."

त्यांना एवढंच वाटलं. मी दादाकडे पाहिलं. तो पुढच्या झाडाला लागला होता.

"सांग त्यायले," तो वहिनीलाच म्हणाला, "कौतिका येते म्हना. पुरी येते, बारा मिन्टाची नाही. लोकं चारी बाजूनं बसवा. अन् हे संगं नाही पाह्यजे. हे अठीच राहीन. दोन दिवस पडून राह्यला तं खाली गयते कापूस, तो येचन हे."

मी मॅडमना सगळं सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य सोडून. त्या म्हणाल्या, बघतो. संध्याकाळी कळवलं, ठीक आहे.

तर काल दादा आणि बाकीचे पाच जण गेले, आणि आज सकाळी मी रजा टाकून भावाच्या शेतात उभा आहे. दव वाळलेलं, ऊन अजून कोवळं. वहिनीने माझ्या कमरेला तिच्या जुन्या लुगड्याची ओटी बांधून दिली, करकचून. बोंडाची टोकं सुईसारखी. पहिल्या दहा झाडांतच बोटांतून रक्त आलं आणि ओटीत कापसापेक्षा पानाचा चुरा जास्त झाला. तिकडे आता दादा मिशी काढत असेल. की चहावाल्याकडे बसून ऐकत असेल. कुणी झोपलेलं असेल का पहिल्या रांगेत, माहीत नाही. मला कुणी सांगणारही नाही.

वहिनी शेजारच्या ओळीत. सहा वर्षांत "घरी जा" आणि "सांगतलं काय" याच्यापलीकडे मला तिचा आवाज आठवत नाही. तिने माझी ओटी उघडून आत पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि शेताला सांगावं तसं म्हणाली,

"हे पाहा आमचं धाकटं! पुस्तकं शिकलं अन् बोंड धराले नाही शिकलं. अवो, कापूस येचता का झाडाची हजामत करता? पानं बी घेतली, काड्या बी घेतल्या, एखांदी अळी असंन तं तिले बी हो म्हनलं असंन!"

ते शब्द, ते थांबणं, तो कमरेवरचा हात. मैदानात तीस वर्षं गाव ज्याच्यावर लोळत होतं ते सगळं इथे, पऱ्हाटीत, काही मेकअप न करता उभं होतं. वहिनी दंडार बघायला कधी पुढे येत नाही, बायांच्या मागे उभी राहते. मला वाटायचं लाजते.

"वहिनी," मी म्हणालो, "हे तर दादाचं..."

"त्यायचं?" ती म्हणाली. "त्यायले कुठून येनार? झाडाले लागते काय? पंचायतीच्या नळाचं कोणं सांगतलं? गुरुजीच्या पत्त्याचं कोणं सांगतलं? हे आनते आयकून, अन् मी रांधता रांधता बोलते. तेच जाऊन बोलून येते, अन् टाया खाते."

"मग माझ्या... सहा वर्षं माझ्या?"

"तुमच्या बी दरसाली केल्या. रोज केल्या. पोयी भाजता भाजता केल्या. हे म्हनत, त्याच्या राहू दे, त्याच्या शिव्या आपल्या घरातच राहू दे." तिने माझ्या ओटीतला चुरा मुठीने काढून खाली टाकला. "सा वर्साच्या साचल्या हायेत. वाका खाली. वाकल्याशिवाय खालची बोंडं दिसत नाही."

मी वाकलो. ती पुण्यापासून सुरू झाली, मग मागे सरकली, माझ्या नोकरीवर आली, माझ्या शुद्ध मराठीवर आली, बाबा आजारी असताना मी नेरला बसून काय केलं त्याच्यावर आली. एकाही शिवीला हसू येत नव्हतं आणि एकही खोटी नव्हती. तिसरी ओळ संपेपर्यंत ती माझ्या लग्नापर्यंत पोचली होती. शेतात अजून अकरा ओळी बाकी होत्या.